चार आकड्यांपायी अडलेली फाईल

ऑफिसात त्यांना सगळे दारवान म्हणत. हुद्दा बरा होता, पण काम दारवानाचंच. कंपनीच्या सर्व्हरवर घरी बसून काम करणाऱ्या बाहेरच्या माणसाने एखादी फाईल स्वतःकडे मागितली, की ती उघडून तपासायची. मग सोडायची किंवा अडवायची. अठरा वर्षांत भलतं काही बाहेर गेलं नव्हतं. बायको म्हणे, उद्या हे पाहुण्यांच्या पिशव्याही उलट्या करून बघतील.

बाहेरच्यांत एक म्हातारे नकाशेवाले काका होते. त्यांच्या घरचा संगणक म्हणजे नुसती खिडकी. लिहिलेलं सगळं सर्व्हरवरच राहायचं. काम उरकल्यावर तिथेच बसून त्यांनी लेकीसाठी अकरा पानं लिहिली आणि बाहेर मागितली. दारवानांनी ती चाळली. सातव्या पानावर चार आकडे सापडले, थेट पासवर्डसारखे. फाईल परत. शेरा: आकडा काढून पुन्हा पाठवा.

काकांनी पुन्हा पाठवली, आकड्यासकट. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘साहेब, हा लेकीच्या पहिल्या सायकलच्या कुलपाचा आकडा. तेवढा राहू द्या.’ दारवानांनी पुन्हा परत केली. त्यांच्या यादीत सायकलींसाठी सवलत नव्हती.

तिसऱ्यांदा फाईल आलीच नाही. काका गेल्याचं त्यांना कळलं ते खातं बंद करण्याच्या चिठ्ठीवरून. बंद खात्यातलं सारं तीस दिवसांनी आपोआप पुसलं जाई, राखीव प्रतीसुद्धा. हा नियमही दारवानांचाच.

लेकीचा फोन आला चौतिसाव्या दिवशी. बाबा म्हणाले होते, तुझ्यासाठी ऑफिसातून एक फाईल सुटायची आहे. ती कधी मिळेल, एवढंच तिला विचारायचं होतं. दारवानांनी सगळं सांगितलं, आपले दोन्ही नकारही. तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

“तुम्ही वाचली होती ना?” तिने विचारलं. “काय लिहिलं होतं?”

दारवान आठवत राहिले. अकरा पानं दोनदा डोळ्यांखालून गेली होती. पण ते ग्राहकांची नावं शोधत होते, पासवर्ड शोधत होते. ज्यावर बोट ठेवता येत नव्हतं, ते त्यांनी वाचलंच नव्हतं.

“सायकलच्या कुलपाचा आकडा होता. चार, शून्य, सात, दोन.”



“तो मला पाठच आहे,” ती म्हणाली. “बाकीचं?”

“बाकीच्यात,” दारवान म्हणाले, “अडवण्यासारखं काही नव्हतं.”