ताडपत्रीखालची पंगत

हौसाआक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी फौंड्रीत होतो. भट्टीच्या आवाजात नीट ऐकू येईना म्हणून बाहेर आलो, तर आक्काची मुलगी लता एवढंच म्हणाली, "दादा, आई गेली. भाकऱ्या झाल्यात, पर पोरं जेवायची हायत अजून. काय करू?" मला आधी तिचा रागच आला. आई गेली आणि हिला जेवणाचं पडलंय! पण गाडी काढून आक्काच्या खाणावळीकडे निघालो आणि वाटेत लक्षात आलं, हा प्रश्न लताचा नव्हताच, आक्काचा होता. ती असती तर तिने स्वतःच्या मयताच्या दिवशीही आधी ताटं मांडायला लावली असती. पोचल्या पोचल्या मी लताला म्हटलं, "वाढ. रडायचं नंतर." घरात मयत असताना पंगत बसते म्हणजे काय, अशी कुजबूज शेजारच्या बायकांत झाली. होऊ दे. कामगार पोरं मान खाली घालून जेवली आणि मग त्यांनीच आक्काला खांदा दिला. याला आता महिना होत आला. भेटेल तो सांगतो, सावरा आता. मला सावरायची घाई नाही. मला आक्काबद्दल बोलायचं आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी चंदगडहून एसटीने कोल्हापुरात उतरलो. उचगावच्या पुढे, कारखान्यांना लागून असलेल्या एका गावात खोली मिळाली, आणि खोलीमालकाने आक्काची खाणावळ दाखवली. माझ्याबरोबर कारखान्यातला आणखी एकजण होता. आम्ही पाटावर बसणार, तोच आतून आवाज आला, "बसायच्या आधी ऐका, पावणं. आम्ही बौद्ध. पटत असंल तर बसा, न्हायतर पुढच्या गल्लीत दुसरी खाणावळ हाय. अर्ध्या भाकरीवरनं उठायचं न्हाय, अन्न टाकल्यालं मला चालत न्हाय." पाठोपाठ आक्का बाहेर आली. ठेंगणी, सावळी, पदर कमरेला खोचलेला, हातांना कोपरापर्यंत पीठ. मला भूक लागली होती, मी बसलो. माझा सोबती उठून गेला. आठवड्याने तो परत आला, कारण पुढच्या गल्लीतल्या आमटीत डाळ शोधावी लागत होती. आक्काने त्याला काही विचारलं नाही. "आलासा? बसा," म्हणाली आणि वाढलं. येणाऱ्या प्रत्येकाला ती हे असंच तोंडावर सांगायची. मी एकदा म्हटलं, कशाला आधीच सांगता? तर म्हणाली, "मागनं कळून कुणी तोंड वाकडं केलं तर मला राग येतोय. म्हणून मी आधीच सांगतो, मग राग त्येचा त्येला." कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात. आक्काच्या तोंडी ते जास्तच शोभायचं.

मी चंदगडचा म्हटल्यावर तिला कोण आनंद झाला. "म्हंजे पावसातलाच की तू! तुमच्याकडं पाऊस आला की घरात घिऊन जेवाय वाढत असतील." तेव्हापासून माझं नाव चंदगडकर पडलं. पापड वाळत घालायचे असले, तरी आधी मला अंगणात बोलावून आभाळ दाखवलं जायचं.

पण आक्काच्या मनात एक गोष्ट कायम सलत होती, आणि ती तिने कधी लपवली नाही. तिच्या लहानपणी गावजेवण असलं, की सगळ्यांच्या पंगती उठल्यावर त्यांच्या वस्तीने घरून भांडी घेऊन जायचं, लांब उभं राहायचं आणि वरून वाढलेलं घरी आणून खायचं. "आता तसं कुटं राहिलंय?" असं कुणी म्हटलं की ती उसळायची. "न्हाय राहिलं, व्हय. मग माझ्या हातचं खा की!" तिथे मात्र गावाची बोबडी वळायची. दर बुद्धपौर्णिमेला वस्तीतल्या विहारासमोर, गल्लीत, कार्यक्रम व्हायचा. गावातली मोठी माणसं यायची, फुलं वाहायची, समतेवर चार बरे शब्द बोलायची... आणि खिरीची ताटं आली की एकेकाला काहीतरी आठवायचं. कुणाचा उपास, कुणाची शुगर, कुणी आत्ताच जेवून आलेला. त्यांत आबाही असायचे, गावचे जुने सरपंच. पांढरंशुभ्र धोतर, कडक फेटा. माणूस वाईट नव्हता. वस्तीत नळ यावा म्हणून तेच तालुक्याला भांडले होते. पण खीर पुढे आली, की आबांचं पित्त खवळायचं. दर वर्षी, न चुकता.

नव्वदचं दशक निम्मं सरलं असेल. आक्काने ठरवलं, यंदा बुद्धपौर्णिमा गल्लीत नाही. गावाच्या मधोमध, शाळेसमोरच्या पटांगणात करायची आणि सगळ्या गावाला जेवायला बोलवायचं. ग्रामपंचायतीच्या पायऱ्या झिजवून तिने परवानगी आणली. "या वर्षी करा, पुढचं पुढं बघू," असं तिला सांगण्यात आलं. ती स्वतः घरोघर आवतण द्यायला गेली. प्रत्येक उंबऱ्यात "येतो की!" हेच उत्तर. आक्का घरी येऊन मला म्हणाली, "येतो तर सगळीच म्हणाल्यात. खातो कोण म्हणतंय ते बघायचं हाय."

त्या दिवशी गुऱ्हाळावरून आणलेली काहील पटांगणात चुलवाणावर चढली. उसाचा रस आटवायची ती लोखंडी काहील, दोन माणसं आत आरामात झोपतील एवढी. त्यात गव्हाची खीर, गूळ, खोबरं, सुंठ, वेलदोडा. सकाळपासून वस्तीतल्या बायका आणि खाणावळीतली आम्ही पोरं आळीपाळीने लांब दांडा घेऊन ढवळत होतो. कासीमभाई मंडपवाल्याने मांडव घातला होता. भाडं विचारलं तर म्हणाला, "आक्का, मलाबी खीर द्या, बास." दुपार कलली, वारा एकदम पडला आणि अंगाची काहिली व्हायला लागली. आक्काने हाक मारली, "चंदगडकर, बघ रं जरा. पडंल का?" मी मान वर केली. ढगाच्या पोटात पिवळट रंग होता. म्हटलं, "पडंल. आणि नुसता पाऊस न्हाय, आक्का. गारा हायत." "तुला इचारलं हेच चुकलं," ती म्हणाली.

वस्तीतली जाणती माणसं गोळा झाली. त्यांचं म्हणणं शहाणपणाचंच होतं, की खीर भांड्यांतून घरोघरी वाटून टाकू आणि कार्यक्रम पुढच्या रविवारी विहारात करू. 'भांड्यांतून' हा शब्द कानावर पडला आणि आक्का पेटली. "भांड्यातनं? भांडी घिऊन घरला न्यायचं लई केलं आपण! आता गावानं हितं येऊन खायचं. आणि आज आपण उठलो, तर गावाला जल्माची सबब गावली. 'आलो असतो वो आक्का, पर पाऊस आला की!' मरंपतोर हेच ऐकाय लागंल. मी न्हाय ऐकणार. पाऊस पडू दे न्हायतर आभाळ पडू दे, खीर हितंच वाढणार." जाणती माणसं माना हलवत बाजूला झाली. मलाही मनातून वाटत होतं, ही बाई हट्टाने सगळं पाण्यात घालणार. पण तिला सोडून जायला पाय उचलेना.

वळीव आला तो सरळ मांडवावरच. कापड फाटून शाळेच्या कौलांवर गेलं, बांबू वाकले. कासीमभाईने कोयत्याने दोर तोडून मांडव एका अंगाला पाडला, नाहीतर तो आमच्या डोक्यात आला असता. मग त्याने टेम्पोवरची ताडपत्री ओढून आणली आणि ओरडला, "खिरीवर धरा! धरा रं!" खालचा जाळ आम्ही आधीच ओढून काढला होता. हाताला येईल त्याने ताडपत्रीची कड धरली. वस्तीतले गडी होते, फौंड्रीतली पोरं होती, तालमीतले दोन पैलवान होते. एक कोपरा तेवढा सुटून फडफडत होता, काहिलीत गारा टपटपायला लागल्या होत्या. त्या कोपऱ्याजवळ एकच माणूस होता. आबा. नेमके त्याच वेळी ते हार घेऊन आले होते, बुद्धाच्या फोटोला घालून परत जायच्या बेताने. त्यांनी आमच्याकडे बघितलं, खिरीकडे बघितलं, हातातला हार स्वतःच्याच गळ्यात अडकवला आणि दोन्ही हातांनी कोपरा धरला.

पाऊस थांबायचं नाव घेईना. ताडपत्रीत पाणी साठलं, की बायका खालून पळ्यांनी ढोसून ते उडवायच्या. आमचे हात भरून आले होते. आवतणाला आलेले बरेच लोक शाळेच्या व्हरांड्यात दाटीने उभे राहून बघत होते, काहीजण तर डोक्यावर पोती घेऊन घराकडे निघालेही होते. सबब तयारच होती. तेव्हा आक्काने ताट घेतलं, काहिलीतून वाफाळती खीर वाढली आणि ती सरळ आबांसमोर जाऊन उभी राहिली. तिने खीर कालवली, फुंकर घातली आणि घास उचलला. ताडपत्रीखाली सगळ्यांच्या नजरा तिकडे लागल्या. आबांचे दोन्ही हात वर, फेट्यातून पाणी निथळतंय, गळ्यात हार. ते हळूच म्हणाले, "हौसा, मला पित्त..."

"पित्ताला खोबरं घातलंय," आक्का म्हणाली. "आ करा."

मनात आणलं असतं तर आबांना कोपरा सोडता आला असता. सोडला असता तर निम्मी काहील पाण्यात जाणार होती, पण त्यांचे हात मोकळे झाले असते. त्यांनी वर बघितलं, व्हरांड्याकडे बघितलं. आक्काचा हात तसाच पुढे, जराही हलला नाही. मला तिची भीती वाटत होती आणि आबांचीही दया येत होती... मग आबांनी तोंड उघडलं. सावकाश चावलं, गिळलं आणि म्हणाले, "गूळ जरा कमी पडलाय."

"मग आणखी खावा. तळाला गोड हाय," आक्का म्हणाली आणि दुसरा घास कालवायला लागली.

आम्ही सगळे एवढ्या मोठ्याने हसलो, की ताडपत्री हलून पैलवानाच्या मानेत बदाबदा पाणी ओतलं गेलं. मग लता आणि वस्तीतल्या बायकांनी ताटं उचलली आणि ताडपत्री धरणाऱ्या प्रत्येकाला भरवायला सुरुवात केली. आबांना खाताना बघून व्हरांडाही हलला. लोक डोक्यावर ताटं धरून पावसात आले, आमच्या हातांखालून वाकून आत शिरले आणि चिखलात उभ्या उभ्या जेवले. काही थकलेल्यांचे कोपरे त्यांनी घेतले, मग त्यांनाही आक्काने भरवलं. सगळं गाव जेवलं असं मी म्हणणार नाही. गेले ते गेले. त्यांच्याबद्दल आक्का पुढे कित्येक वर्षं भर चौकात विचारायची, "तुमी पावसाला भ्यालासा का मला?" आबांनाही तिने सोडलं नाही. "फोटूचा हार सोताच घालून घेतला गड्यानं," असं ती त्यांच्या तोंडावर सांगायची आणि आबा मिशीत हसायचे.

पटांगण पुन्हा मागावं लागलं नाही. दुसऱ्या वर्षी आभाळ निरभ्र होतं. कासीमभाई काहिलीवर मांडव घालायला लागला, तर आक्का म्हणाली, "हितं नगं. हितं ताडपत्री, आणि ती धरायची." ढग नसला तरी? ढग नसला तरी. तेव्हापासून हा रिवाजच पडला. खीर तयार झाली की गावातली आणि वस्तीतली माणसं मिळून काहिलीवर ताडपत्री धरतात आणि धरणाऱ्याने स्वतःच्या हाताने खायचं नाही. नवीन आलेल्या पाहुण्यांना हा वेडेपणा वाटतो. वाटू दे. माझी आई एकदा चंदगडहून काजूची पिशवी घेऊन आली होती, तिला आक्काने कोपरा धरायला लावला आणि भरवलं. आई घरी जाऊन कितीतरी दिवस तेच सांगत होती.

शेवटी दवाखान्यात भेटलो तेव्हा आक्काचा आवाज खोल गेला होता. उशाशी वाकलो तर म्हणाली, "पोरी वेलदोडा कमी घालत्यात. ध्यान ठेव." मी बरंच बोलायचं ठरवून गेलो होतो. पण काहीच बोललो नाही. त्याचं आता वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात खाणावळीत यंदाच्या पौर्णिमेची बैठक झाली. नव्या पोरांनी मंगल कार्यालयाची गोष्ट काढली. वर छत आहे, पंखे आहेत, टेबल-खुर्च्या आहेत, पाऊस आला तरी चिंता नाही. पोरं मनाने चांगली आहेत, पण माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या आबांनी काठी आपटली. आता त्यांना धड उभंही राहवत नाही, फेटाही बांधत नाहीत. म्हणाले, "तुमी करा हॉलात. मी न्हाय येणार. तितं आपल्या हातानं जेवाय लागतंय. मला त्या दिवशी आपल्या हातानं जेवायची सवय न्हाय."

मग लता उठली, माळ्यावर चढली आणि कासीमभाईची तीच जुनी ताडपत्री खाली टाकली. गारांनी पडलेल्या भोकांवर आक्काने लावलेली ठिगळं तशीच आहेत, आणि धुराचा आणि गुळाचा वास अजून गेलेला नाही. आम्ही ती गल्लीत नेऊन उलगडली, झटकली. आबांसाठी एक खुर्ची कोपऱ्याशी ठेवायची आणि त्यांनी बसूनच कड धरायची, असं ठरलं. पौर्णिमेला काय करायचं ते आभाळाने ठरवावं. आम्ही पटांगणात आहोत.