सालेकशाला जाणारा पेपर

गोंदिया स्टेशनालगत चहाचं दुकान चालवणारे मुर्री गावचे सुकाजी, यांचं नाव मी आधी लिहितो. सालेकशाला मला काम मिळालं ते त्यांच्यामुळे. प्रवास कसा झाला ते त्यानंतर.

इंग्रजी तिसरीत असताना वडील अंथरुणाला खिळले आणि माझी शाळा सुटली. आमच्या गावच्या पोस्टमास्तरांनी सालेकशाच्या एका जंगल ठेकेदारांच्या नावे चिठ्ठी दिली. ओंडक्यांवर इंग्रजी आकडे घालायला त्यांना माणूस हवा होता. मुरुडच्या धक्क्यावरून निघालो तेव्हापासून ती चिठ्ठी खिशात आहे ना, हे मी किती वेळा चाचपलं असेल सांगता येत नाही. तिथे नको म्हणाले तर घरी कुठल्या तोंडानं जायचं, हाच विचार.

नागपूर मागे पडलं आणि कपाशी संपून भाताचा मुलूख लागला. आपल्याकडे भात डोंगराच्या कुशीत, तुकड्यातुकड्यानं. इथे नजर पोचेल तिथवर सपाट खाचरं, मध्ये बोडी (शेताला पाणी द्यायला बांधलेलं लहान तळं) आणि कापणी झालेल्या धानाचे पुंजणे (पेंढ्यांचे रचलेले ढीग). आपल्यासारखाच भात, पण वाऱ्याला समुद्राचा वास नाही.

गोंदियाला सकाळी उतरलो. सालेकशाची गाडी दुपारची. थंडी होती म्हणून चहाला गेलो.

"कुठं जाऊन राहिले, बापू?" दुकानदारांनी विचारलं. हेच सुकाजी.

"सालेकशाला."

"इंग्रजी वाचता येते का?"

"थोडं येतं."

"थोडं पुरते," म्हणाले, आणि फळीवरून एक वर्तमानपत्र काढून त्यावरची कागदी पट्टी अलगद सरकवली.

तिथली रीत अशी. नागपूरचा इंग्रजी पेपर सकाळच्या गाडीनं सुकाजींकडे यायचा आणि दुपारच्या गाडीनं पुढे सालेकशाला, पट्टीवर नाव असलेल्या मालकाकडे जायचा. मधल्या वेळात सुकाजी तो दुकानात उघडायचे, एकानं मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. मग त्याच घड्या घालून पट्टी चढवायची. वाचणारे तारबाबू बदलून गेल्यापासून आठ दिवस पेपर नुसता पाहूनच पुढे जात होता. त्यात हा हिवाळा ऑस्ट्रेलियातल्या टेस्ट सामन्यांचा. इंग्लंडचे गोलंदाज यष्ट्या सोडून अंगावर चेंडू टाकत होते आणि ऑस्ट्रेलियाच्या कप्तानाला छातीवर चेंडू लागला होता.

पट्टीवरचं नाव मी वाचलं. माझ्या खिशातल्या चिठ्ठीवरही तेच नाव होतं.

हे आपल्या होणाऱ्या मालकाचंच वर्तमानपत्र, मी वाचणार नाही, असं म्हणायला हवं होतं. पण समोर दहाबारा माणसं वाट पाहत बसलेली. नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही. वाचलं. न कळलेले शब्द गाळले. नवीन कोणी आला की पुन्हा पहिल्यापासून, असं चार वेळा.

आणि मग वाद पेटला. रेल्वेतले फिटर मिश्राजी एका बाजूला, भिवा हमाल दुसऱ्या.

"कायदे में कहाँ लिखा है कि बदन पर नहीं डालना? दिखाओ," मिश्राजी म्हणाले.

"कायद्यात हे बी नाही लिवलं का दुसऱ्याच्या चहात थुकू नये. मंग थुकू का तुमच्या कपात?"

सगळे हसले. मिश्राजींनी मात्र कप जवळ ओढून घेतला.

"दोघंही गोरेच," भिवा म्हणाला. "आपसात असे करून राहिले, तर आपल्याले काय करतीन?"

"हमारे पास भी दो फास्ट बॉलर हैं. विलायत में डंडे उड़ाए थे, भूल गया?"

"पन सामना तर हारलोच ना जी."

"अरे, मर्द को बॉल से क्या डर? जो डरे वह बल्ला रख दे."

"अस्सं? धरा मंग छत्री."

मिश्राजींनी छत्री बॅटीसारखी धरली. भिवानं टोपलीतलं संत्रं उचललं, चार पावलं धावला आणि फेकलं. मर्द खाली वाकले. संत्रं मागे बसलेल्या माझ्या छातीवर, म्हणजे छातीशी धरलेल्या पेपरवर फुटलं.

धावफलकावरून रस ओघळत होता.

"कह देना, आज पेपर आया ही नहीं," मिश्राजी हळूच म्हणाले.

"नाही जी," सुकाजी म्हणाले. "आजवर एक पेपर चुकला नाही इथून."

तेव्हा मी चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे धरली आणि ती पट्टीवरच्याच नावे आहे हे सांगितलं. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पेपर शेगडीवर धरून वाळवला. डाग गेला नाही. दुकान भिवाच्या हवाली केलं, खांद्यावर उपरणं टाकलं आणि माझ्याबरोबर गाडीत बसले.

गाडीत त्यांनी लाखोरीच्या (इकडची एक डाळ) वड्यांची पुरचुंडी सोडली. मी हातातली वडी तशीच धरून बसलो. बाहेर मोहाची झाडं आणि जंगल दाट होत गेलं. "खाऊन घ्या, बापू. उपाशी मानूस उगाच खोटं बोलते," एवढंच ते म्हणाले.

ठेकेदार लाकडांच्या अड्ड्यावर एका ओंडक्यावर बसले होते. सुकाजींनी पेपर पुढे ठेवला.

"पेपर म्या उघडला, साहेब. रोजच उघडतो. या पोराले म्याच वाचाले बसवलं."

मीही म्हणालो, "पट्टीवरचं नाव मी वाचलं होतं. डाग पडला तेव्हा पेपर माझ्याच हातात होता."

ठेकेदारांनी पान उलगडलं. "आणि धावफलक? यात काही दिसत नाही."

चार वेळा वाचून तो मला पाठ झाला होता. मी पहिल्या फलंदाजापासून सांगत गेलो, कोण कसा बाद, कुणी झेल घेतला. डागाच्या कडेनं जे आकडे शाबूत होते त्यांवर बोट ठेवून ते पडताळत होते.

"उद्या सकाळी कामावर या," शेवटी म्हणाले. मग सुकाजींकडे वळून, "उद्यापासून पेपर टपालानं येईल. सीलबंद."

"बरोबर आहे जी," सुकाजींनी हात जोडले.

स्टेशनापर्यंत मी त्यांना पोचवायला गेलो. "तुमचा पेपर गेला," म्हणालो.

"गेला," ते म्हणाले. "तुमाले जागा भेटली ना? घरी चिठ्ठी लिवा आता."

होळीनंतर रजेवर घरी निघालो तेव्हा गोंदियाला एक दिवस मुद्दाम थांबलो. मुर्रीला सुकाजींच्या घरी जेवलो. ठेकेदारांना विचारून जुन्या पेपरांचा गठ्ठा आणला होता, तो दुकानात बसून वाचला. सामने केव्हाच संपले होते आणि इंग्लंड जिंकल्याचं उतारूंकडून सगळ्यांना कळलं होतं. तरी कोणी उठलं नाही. मिश्राजी अजून ठेकेदारांवर रागावलेले. "एक पेपर के लिए इतने आदमियों का मुँह बंद कर दिया. यह कोई इन्साफ है?"

"काऊन जी?" भिवा म्हणाला. "त्याचा पेपर, त्यानं बंद केला. कायद्यात आहे ना?"

मिश्राजींनी पुन्हा कप जवळ ओढून घेतला. भिवाच्या प्रश्नाचं उत्तर मी गाडीत बसल्यापासून शोधतो आहे. ठेकेदारांनी हक्कापलीकडे काही केलं नाही, आणि मला तर पोटाला लावलं. तरी गाडी हलली तेव्हा सुकाजींच्या दुकानातली ती रिकामी फळी मला दिसत राहिली.

म्हणून इथे लिहून ठेवतो. कधीतरी मी वर्गणी भरून नागपूरहून एक पेपर सुरू करीन. तो गोंदियाच्या पुढे जाणार नाही, आणि त्याच्या पट्टीवर सुकाजींचं नाव असेल.