तेमाकेईची नव्याण्णव कड्यांची साखळी

तेमाकेई मोजणी खात्यात जमीन मोजायची शंभर कड्यांची साखळी ओढायचा. साहेब दुर्बिणीतून बघणार, हात हलवणार आणि तेमाकेई साखळीचं टोक धरून माडांतून, केतकीच्या काट्यांतून सरळ चालत जाणार. वाटेत कुणाचं घर आलं तर तो एका बाजूने आत शिरायचा, घरातल्यांची विचारपूस करायचा आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडायचा. एकतीस वर्षं त्याने हेच केलं. मी त्याच कचेरीत दुभाषा होतो, म्हणून पुढचं सगळं माझ्या कानांवरून, किंबहुना माझ्या तोंडूनच गेलं.

आमच्या बेटावर प्रत्येक घराची जमीन म्हणजे आतल्या शांत पाण्यापासून बाहेरच्या समुद्रापर्यंत गेलेली एक पट्टी. दोन पट्ट्यांच्या मध्ये हद्दीचे दगड. आमच्याकडे नवऱ्याला सोडून गेलेली बायको परत नांदू शकते, कुणाचं डोकं फोडलेला माणूस माफी मागू शकतो. पण हद्दीचा दगड हलवणाऱ्याच्या हातची नीरा कुणी पीत नाही.

तेमाकेईच्या नोकरीच्या तेराव्या वर्षी सरकारने रस्ता रुंद करायचा ठरवला आणि हॅलोरन नावाचा नवा साहेब आला. त्याने स्वतःची पोलादी फीत आणली होती. पहिल्याच दिवशी त्याने कारिता नावाच्या विधवेची पट्टी मोजली. जुन्या मोजणीच्या नोंदवहीत रुंदी दोन साखळ्या होती. फितीत ती हातभर कमी भरली.

कारिताने साहेबाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती तडक शेजारच्या तबोराईच्या अंगणात गेली. तबोराई सत्तरीचा, गावसभेत पहिल्या ओळीत बसणारा माणूस.

"काय हो तबोराई, दगड जड होता का? या वयात एकट्याने सरकवलात, की सुनेला हाताशी घेतलंत?"

"तोंड सांभाळ, कारिता."

"तोंड आहे तिथेच आहे. दगड नाही."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. दुसऱ्या दिवशी तबोराई सभेला आला तेव्हा त्याच्या बाजूची चटई रिकामी राहिली. तो माझ्याकडे वळून एवढंच म्हणाला, "साहेबाला सांग, माझीही मोज."

मोजली. तबोराईचीही हातभर कमी निघाली. म्हणजे चोराकडेही चोरी झाली होती. गावाने त्याच्या पलीकडच्या शेजाऱ्यावर संशय घेतला. त्याचीही मोजली, तीही कमी. असं करत करत आम्ही आठवडाभरात सात पट्ट्या मोजल्या आणि सात घरांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं. चोर मोठा न्यायी होता: ज्याची जमीन रुंद त्याचं जास्त नेलं होतं, ज्याची अरुंद त्याचं थोडं. शेवटच्या पट्टीपलीकडे नुसता प्रवाळाचा खडक आणि लाटा होत्या.

"मग माझं समुद्राने नेलं म्हणायचं," शेवटच्या पट्टीचा मालक म्हणाला.

मी भाषांतर केलं. हॅलोरन साहेबाने 'समुद्र' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

या सात दिवसांत तेमाकेई फितीचं टोक धरून मुकाट चालत होता. त्याच्या बायकोने मला वाटेत अडवलं. "याला काय झालंय? मासा पुढे ठेवला तर त्याच्याकडे बघत बसतो. खात नाही." मी म्हणालो, ऊन लागलं असेल.

आठव्या दिवशी सभेत सगळं गाव बसलं. तबोराईच्या बाजूची चटई अजून रिकामीच होती. तेमाकेई उठला, जाऊन तिथे बसला आणि म्हणाला, "दगड कुणीही हलवलेला नाही. जुन्या साखळीला नव्याण्णव कड्या आहेत."

कुणालाच काही कळलं नाही. मग त्याने सांगितलं. बारा वर्षांपूर्वी, पहिली मोजणी सुरू व्हायच्या आदल्या दिवशी साखळी खडकात अडकली. त्याने हिसडा दिला, एक कडी तुटली. तो नोकरीत नवा, जुना साहेब तापट. त्याने उरलेली टोकं एकमेकांत अडकवली आणि गप्प बसला. शंभरात एक, कोण मोजतंय? खरंच कुणी मोजलं नाही. सगळं बेट त्या साखळीने नोंदवहीत गेलं, प्रत्येक जमीन होती त्याहून थोडी मोठी होऊन.

"दरवर्षी सांगायचं ठरवत होतो," तो म्हणाला. "दरवर्षी बेट थोडं जास्त मोजून झालेलं असायचं."

तबोराई त्याच्याकडे वळला. "ती कडी कुठे आहे?"

"गळ केला तिचा."

"मासे लागले?"

तेमाकेईने खाली मान घातली. "चांगले लागले."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सभा आवरता आवरेना. तबोराई मात्र हसला नाही. कारिताही नाही. ती उठून घरी गेली, बाबाईचा, म्हणजे आमच्या दलदलीतल्या अळवाचा, कंद किसून नारळाच्या दुधात शिजवला आणि ते भांडं तबोराईसमोर आणून ठेवलं. "मी जे बोलले ते गिळते. तुम्ही हे गिळा." तबोराईने खाल्लं. म्हणाला, गोड कमी आहे.

हॅलोरन साहेबाला मी सगळं इंग्रजीत सांगितलं. त्याने कपाटातून जुनी साखळी काढली, जमिनीवर पसरली आणि गुडघ्यांवर बसून कड्या मोजल्या. दोनदा. मग 'समुद्र' खोडलं.

वरच्या कचेरीला पत्र गेलं. चौदा महिन्यांनी उत्तर आलं की बेट पुन्हा मोजावं आणि दोषी माणसाला कामावरून काढावं. साहेबाने उलट लिहिलं की दोन्ही आज्ञा एकदम पाळता येणार नाहीत, कारण सगळे दगड त्या एकाच माणसाला माहीत आहेत. त्याचं उत्तर आलंच नाही. तेमाकेईने चार वर्षं तेच बेट पुन्हा पायाखाली घातलं. घराघरातून जाताना बायका ओरडायच्या, "या, या! आज आमचं किती कमी करणार?" तो म्हणायचा, "जेवढं नव्हतंच, तेवढं."

तबोराई त्याच्याशी तीन वर्षं बोलला नाही. चौथ्या वर्षी त्याच्या नातीने तेमाकेईच्या पुतण्याशीच लग्न करायचं ठरवलं, तेव्हा इलाज राहिला नाही. नातीला द्यायचा जमिनीचा तुकडा मोजायला साहेब स्वतः आला. तबोराई काठी टेकत उभा होता. तेमाकेई सवयीने फितीकडे वळला.

"तू नाही," तबोराई म्हणाला. "तू सोयरा आहेस. तिकडे सावलीत बस आणि नीरा पी."

तेमाकेई जाऊन बसला. नीरा तबोराईने स्वतःच्या हाताने ओतली.