सूप थांबायचं तेव्हा

त्या माणसाचा मला अजूनही राग येतो. स्वतःचा त्याहून जास्त येतो, पण स्वतःला शिव्या घालून घालून किती घालणार? म्हणून आधी त्याच्यापासून सुरुवात करते.

यवतमाळच्या एका साहित्य मंडळाचा तो अध्यक्ष. मी घाटंजीकडच्या एका खेड्यात शाळेवर शिकवते आणि वऱ्हाडीत कविता लिहिते. पहिल्यांदा त्याच्यासमोर वाचली तेव्हा माझी ओळ संपायच्या आत त्याची वाहवा सुरू झाली होती. ऐकायच्या आधीच याला आवडलं कसं, हा साधा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला. "ताई, तुमच्यासारखं वऱ्हाडी जिल्ह्यात कोनी लिवून नाई राह्यलं," असं तो म्हणाला आणि मी घाटंजीपर्यंत एसटीत उभ्याने आले तरी पाय दुखले नाहीत.

तोपर्यंत माझी प्रत्येक कविता आधी आई ऐकायची. आई शाळेत गेलेली नाही. गावातल्या बाया कापूस वेचायला तिच्यामागे जातात, कारण तिच्यासोबत दिवस हसत जातो. संध्याकाळी ती अंगणात सुपाने तूर पाखडत बसायची आणि मी वाचायची. ओळ खरी असली की सूप चालू राहायचं. खोटी असली की थांबायचं. "हे काय लिवलं वं? असं कुठी असते?" एवढंच ती म्हणायची. मी चिडायची, भांडायची आणि मुकाट्याने ओळ खोडायची.

तिच्यावरच एक कविता होती. पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, जाताना बाया साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट चढवतात, हात खरचटू नयेत म्हणून. त्यावर लिहिलं होतं:

माय गेली पऱ्हाटीत बापाचा शर्ट घालून,
बाप बसला बनियनीत घरी लाज राखून.

हे ऐकून आई इतकी हसली की सुपातली तूर सांडली. दुसऱ्या दिवशी तिने ते शेतातल्या साऱ्या बायांना ऐकवलं.

अध्यक्षाला मात्र ते हलकं वाटलं. "ताई, तुमची उंची मोठी हाय. माय अनवानी दाखवा, रडताना दाखवा. लोकायच्या डोयात पानी आलं पाह्यजे." उंची म्हटल्यावर मी वितळले. शर्ट काढला, बाप काढला, हसू काढलं. त्या जागी लिहिलं:

अनवाणी माझी माय काट्यांवर चालते,
बोंडा-बोंडावर एक एक आसू ढाळते.

ही कविता मी आईला वाचून दाखवली नाही. शाळेत फार काम आहे, असं सांगितलं. सूप कुठे थांबेल हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच दाखवली नाही.

मंडळाच्या कार्यक्रमाला आईला मुद्दाम बोलावलं होतं. ती सोबतच्या चार बायांना घेऊन आली. पायात बाजारातून खास घेतलेली नवी चप्पल. मी कविता वाचली. सभागृहात लोक डोळे पुसत होते. त्या चार बाया मात्र एकमेकींकडे पाहत होत्या, मग माझ्याकडे, मग खाली.

सत्कारासाठी आईचं नाव पुकारलं. ती मंचाच्या पायरीशी आली तेव्हा अध्यक्ष वाकून हळूच म्हणाला, "माय, चप्पल खालीच राहू द्या. फोटो चांगला येते."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी दोन पावलांवर होते. एक शब्द बोलायचा होता: राहू द्या. मी नाही बोलले. कारण तो बाहेर सगळ्यांना माझं नाव सांगत फिरत होता आणि मला ते हवं होतं. आईने चप्पल काढली, जोडी नीट लावून पायरीशी ठेवली आणि माझी कविता खरी करायला अनवाणी मंचावर चढली. टाळ्या थांबत नव्हत्या.

घरी जाताना बसमध्ये तिने सत्काराची शाल घडी करून माझ्या मांडीवर ठेवली. "मी पऱ्हाटीत कवा रडली? मले एकडाव तं सांग," ती म्हणाली.

त्या मंडळात मी पुन्हा गेले नाही. अध्यक्षाचे फोन आले, मग बंद झाले. आता तो बाभुळगावच्या कुणा मुलीला तेच शब्द ऐकवतो म्हणे. त्याचं काय बिघडलं? त्याच्याकडे शब्द पुष्कळ आहेत.

शर्टाची कविता मी पुन्हा जशीच्या तशी लिहिली आणि संध्याकाळी अंगणात आईसमोर बसले. वाचली. सूप चालू होतं, पण ती हसली नाही. मला धास्ती वाटली. म्हणून पुढे मनानेच एक ओळ जोडली, धडधडीत खोटी: कापसाच्या निळ्या निळ्या फुलांनी मायची ओटी भरली. जन्मभर पऱ्हाटीत वावरलेल्या बाईसमोर मी कापसाला निळी फुलं आणली आणि सुपाकडे पाहत राहिले.

सूप थांबलं नाही.

"मस्त हाय," आई म्हणाली. "लय मस्त लिवलं."