प्रल्हादनाना तीनशेने जात नव्हते

"नाना तीनशेच्या खाली कधी आलेच नाहीत" हे वाक्य माझं आहे. मी ते पन्नासेक माणसांसमोर बोललो, पूर्ण शुद्धीत, आणि तेही नानांच्याच अंगणात, ते जाऊन तीन दिवस झाले असताना. आधीच कबूल करून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्यांत पहिला नंबर माझाच आहे.

आमच्याकडे माणूस गेला की लोक दारावर बसायला येतात. अंगणात सतरंजी अंथरलेली असते. एकेका गावाहून जीप भरून पाहुणे येतात, टेकतात, आणि मग त्यांच्यातला वडीलधारा विचारतो, "कसं व्हयनं?" त्यावर घरातल्या एकाने सगळं पहिल्यापासून सांगायचं. दुसरी जीप आली की पुन्हा पहिल्यापासून. नानांचा मुलगा पंकज सुरतेहून आला तो भिंतीला टेकून बसला होता, कुणी विचारलं की तो माझ्याकडे बोट दाखवायचा. म्हणून हे काम माझ्याकडे आलं. प्रल्हादनाना माझे साडू. त्यांची बायको सुमनताई ही माझ्या बायकोची थोरली बहीण. शिवाय घरात लग्न असो की भांडण, त्याची गोष्ट करून सांगायला मीच पुढे, अशी माझी ख्याती. ख्याती म्हणजे मी समजतो ती. बायको तिला वेगळा शब्द वापरते.

पहिल्या दिवशी मी नीट सांगितलं. नाना नंदुरबारहून आपल्या गॅरेजचं सामान घेऊन मोटरसायकलवरून गावी, धानोऱ्याला परतत होते. दिवस मावळायला आला होता. वळणावर रस्त्याच्या कामाची खडी निम्म्या रस्त्यापर्यंत ओतून ठेवलेली. फलक नाही, दिवा नाही, चुन्याची एक रेघसुद्धा नाही. चाक खडीवर गेलं, गाडी घसरली, हँडल पोटात बसलं. डोक्यावर हेल्मेट होतं, त्यावर ओरखडाही नाही. दोन दिवस दवाखान्यात काढले आणि... गेले.

तिसऱ्या दिवसापर्यंत हे कितीदा सांगून झालं, देव जाणे. सांगणाऱ्या माणसाला एक खोड असते. तेच ते सांगताना त्याची जीभ नवं काहीतरी शोधू लागते. समोर सगळे माना खाली घालून बसलेले. म्हटलं, जरा हलकं करावं, नानांनाही रडका चेहरा चालत नसे. म्हणून बोललो, "आमचे नाना टीव्हीवरच्या गेममध्ये गाडी चालवायचे ना, तेव्हा तीनशेच्या खाली कधी आलेच नाहीत!" वर दोन्ही मुठींनी हँडल धरून, अंग एका बाजूला झुकवून दाखवलं. दोघंतिघं हसले. सतरंजीच्या कडेला त्या रस्त्याच्या ठेकेदाराचे भाऊ बसले होते, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. ते हसले नाहीत. "अरेरे," म्हणाले, "स्पीडना नादच वाईट, भाऊ."

माझ्या वाक्यातला टीव्ही त्या अंगणातच राहिला. गावात गेले ते नुसते तीनशे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर गावाच्या ग्रुपमध्ये मजकूर आला, की मोबाइल गेमच्या नादापायी गॅरेजवाल्याचा जीव गेला. खाली रडक्या तोंडांची रांग आणि जोडलेले हात. मोबाइल! नानांना मोबाइलवर गजर लावता येत नव्हता, पहाटेच्या गाडीला जायचं असलं की ते शेजाऱ्याला सांगून ठेवत, हाक मार म्हणून. आणि ज्यांनी हे पुढे ढकललं त्यांतल्या निम्म्यांच्या गाड्या नानांनी हयातभर दुरुस्त केल्या होत्या. त्यांना एकदाही वाटलं नाही की जरा थांबावं आणि आठवून पाहावं, हा माणूस गाडी चालवायचा कसा?

मी सांगतो कसा. चाळीसने. नवीन गाडी असो, रिकामा रस्ता असो, घरी पाहुणे जेवायला खोळंबलेले असोत. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला नाना पोचले तेव्हा पेढे वाटून झाले होते. मी म्हणालो, "नाना, पायी निघाला असतात तर लवकर आला असतात." ते शांतपणे हेल्मेट काढत म्हणाले, "पाव्हना, मन्हाकडे ज्या गाड्या येतीस ना, त्या कशा पडन्यात ते मी रोज देखस." पुढच्या चाकाचे वाकलेले फोर्क, चेपलेल्या टाक्या, कुणाच्या पायातली अडकलेली चप्पल... तीस-पस्तीस वर्षं हेच समोर. त्या माणसाला वेगाचा नाद लागणार होता होय?

ते गेमचं मशीन पंकजने आणलं, दोनेक वर्षांपूर्वी दिवाळीला. त्याच्यासाठी आणलेलं, पण सुट्टी संपली, तो परत गेला आणि मशीन टीव्हीखाली राहिलं. नानांनी एकदा सहज लावून पाहिलं आणि अडकले. शर्यतीसाठी नव्हे, गाडीसाठी. त्या गेममध्ये सगळं खऱ्यासारखं. पुढचा ब्रेक वेगळा, मागचा वेगळा. टायर तापल्याशिवाय पकड धरत नाही. पाऊस पडला की कडेच्या रंगवलेल्या पट्टीवरून चाक निसटतं. शॉकअपची स्प्रिंग किती दाबायची, चेनचं चाक किती दात्यांचं लावायचं, तेही आपणच ठरवायचं. नाना त्यातच अर्धा तास घालवत. "ज्यानी हाई बनाडं ना," ते म्हणाले होते, "त्यानी कधी ना कधी हातमा पाना धरेल शे." नानांच्या तोंडी यापेक्षा मोठी स्तुती मी ऐकली नाही.

रविवारी दुपारी मी जायचो. मी खेळायला बसलो की पहिल्याच वळणावर आडवा. पुन्हा उठायचं, पुन्हा आडवा. सुमनताई आतून विचारायच्या, "भाऊ पडनात का?" आणि नाना म्हणायचे, "अजून बठनाच नही मंग पडतीन कशे?" आणि तेवढ्यात मी पडायचो. त्या मशीनमध्ये एक सोय होती. पडलं की बटण दाबायचं, खेळ थोडा मागे जातो, वळण पुन्हा घेता येतं. मला ते बटण नाना कधी दाबू द्यायचे नाहीत. "पडनात ते पडनात. मांगे जावानं बटन रस्तावर ऱ्हास का?"

आणि आता खरं काय ते सांगतो. तीनशेचा काटा त्या टीव्हीवर दिसला होता, पण तो माझा. सरळ पट्टा होता, मी मूठ पिळून धरली, आकडा तीनशेवर गेला, मी ओरडलो, "नाना, देखा!" आणि पुढच्या वळणावर सरळ रस्त्याबाहेरच्या खडीत. नानांचा काटा दोनशे चाळीसच्या वर गेल्याचं मला आठवत नाही. वळण येण्याच्या कितीतरी आधी ते मूठ सोडत. बावीस गाड्यांत बावीसावे येत आणि हात वर करून सांगत, "बावीसवा उनू, पन आख्खा उनू!" अशा माणसाच्या नावावर मी माझा स्पीड लावला. कशासाठी, तर दोघं-तिघं हसावेत म्हणून.

चीड येते ती आणखी एका गोष्टीची. त्या खेळातसुद्धा खडी रस्त्याबाहेर असते, कुणी पडला की लगेच पिवळा झेंडा हलतो, मागच्यांना सावध केलं जातं. खेळ बनवणाऱ्यांना एवढं सुचलं. आमच्या वळणावर नाना पडले त्यानंतरही ती खडी तशीच होती, एखादं फाटकं पोतंसुद्धा काठीला बांधलं नव्हतं. आणि "नाना स्पीडमध्ये होते" हे गावभर पक्कं झाल्यावर एका सकाळी ती उचलली गेली. केरसुणी मारून. महिनाभर जी हलत नव्हती, ती अशी गेली की कुणी म्हणेल, इथे खडी होतीच कुठे?

हे सगळं मी गिळलंही असतं. गिळण्याचा सराव आहे मला. पण आठव्या दिवशी दुपारी गेलो तर सुमनताई ते मशीन वायरींसकट गोणीत भरत होत्या. भंगारवाल्याला द्यायचं म्हणाल्या. मी विचारलं, का? त्यांनी वर पाहिलं नाही.

"मन्हीच चूक शे, भाऊ. मीच हाई घरमा येऊ दिनं. टीव्ही बंद करा म्हनीसन एकदाबी सांगं नही." मग गोणीचं तोंड हातात धरून थांबल्या. "लोके सांगतंस, तीनशेमा व्हतात. तुम्हीच बोलनात म्हने. खरं शे का?"

मी पंकजला हाक मारली. म्हणालो, लाव रे हे. तो नको नको म्हणाला, पण लावलं. त्या मशीनमध्ये खेळलेल्या शर्यती साठवलेल्या असतात, पुन्हा पाहता येतात. नानांच्या नावावर शंभरावर शर्यती होत्या, पहिला नंबर एकही नाही. पडल्याच्या नोंदी मात्र बऱ्याच दिसत होत्या, त्या माझ्या होत्या, हेही मी तिथेच कबूल केलं. पंकजने नानांची एक शर्यत लावली. सगळ्या गाड्या भर्रकन पुढे गेल्या आणि मागे एकटा लाल गाडीवाला उरला. वळण लांब असतानाच त्याचा वेग उतरायचा. हळूच आत, हळूच बाहेर. कडेला खडी दिसली की हातभर आणखी लांबून. सुमनताई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. तीन वळणं झाली, चार झाली...

"हाई ते ह्याच शेतस," त्या म्हणाल्या. "मी मांगे बठेल ऱ्हाऊ ना, तवय अशेच जायेत."

पंकज तेव्हा पहिल्यांदा रडला. मशीन त्या दिवशी गोणीत गेलं नाही.

गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक संपण्याच्या दिवशी मंडपात माइक होता. माइक हातात आला की आमच्याकडचा माणूस अहिराणी सोडून पुस्तकात शिरतो. ठेकेदाराचे भाऊ उठले आणि म्हणाले, "प्रल्हादनाना मनमिळाऊ होते, परंतु वेगाचा मोह माणसाला कुठे नेतो, याचा तरुण पिढीने बोध घ्यावा." बायकांच्या बाजूला पाहिलं तर सुमनताईंनी मान खाली घातली होती. मी उठलो. उठलो म्हणजे, आधी बसल्याबसल्या दोनदा उठायचं ठरवलं, मग गुडघा धरला, मग माइक शिट्टी मारू लागला. तोवर पंगतीची हाक झाली आणि मंडप रिकामा होऊ लागला. तरी बोललो. म्हणालो, तीनशे नानांचे नव्हते, माझे होते. टीव्हीवरचे होते. मी हसवायला बोललो आणि चुकलो. माझी चूक मी सांगितली, आता ती खडी कुणाची होती तेही कुणीतरी सांगा.

ठेकेदाराचे भाऊ फोनमध्ये पाहत होते. तेवढ्यात मागून एक म्हातारे शेतकरी उभे राहिले, मी त्यांना ओळखतही नव्हतो. "मी सांगस," ते म्हणाले. "मन्ही बैलगाडीना मांगे हाऊ माणूस एकदा गावलगून उना. जागा व्हती तरी पुढे गेला नही, हॉर्न बी मारा नही. मी विचारं, नाना, का रे बा? ते म्हने, बैल बिचकतीन." कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याचा मला राग आला नाही.

परतताना जीपमध्ये मी बायकोकडे पाहत होतो. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत खरं बोललो होतो, काहीतरी म्हणेल असं वाटलं. गाव मागे पडलं तशी तिने पदर खोचला. मग म्हणाली,

"बोलनात ते बेस करं. पन त्या दिवशी पन्नास जन व्हतात, आज मी मोजात, बारा. बाकीनासना घर कधी जाशात?"