डॉक्टरांपुढची पावलं

पासलीची सुलक्षणा डॉक्टर नाही, नर्स नाही, दहावीही नापास. पण वेल्ह्याच्या समाजमंदिरात दर मंगळवारी आम्ही दहा-बारा आया आमची अपंग मुलं घेऊन जमतो, ते तिच्यामुळे. तिची मुलगी प्रेरणा जन्मापासून पायांनी अधू. सुलक्षणा पुण्याच्या दवाखान्यात व्यायाम शिकली आणि आम्हाला शिकवू लागली. लोक 'खुळ्यांची शाळा' म्हणतात. म्हणोत. त्यातला एकजण कधी आमचं पोर तासभर सांभाळायला आला नाही.

सगुणाबाई तिच्या नातीला, वैष्णवीला, पाठुंगळी घेऊन यायची. आईबाप नसलेली सात वर्षांची पोर, धड उभी राहत नव्हती. सुलक्षणाने दोन वर्षं तिच्याकडून व्यायाम करून घेतला, भिंतीला धरून उभं केलं. वैष्णवीने पहिलं सुटं पाऊल टाकलं तेव्हा सगुणाबाईने सगळ्यांना गूळ वाटला.

मग अपंगत्वाच्या दाखल्याचं शिबिर लागलं. चाळीस टक्के मिळाले तरच पेन्शन, त्याच्या खाली काही नाही. हे माहीत असूनही आम्ही लग्नाला निघाल्यासारखी पोरं नटवली. जन्मभर हिणवलेली पोरं चार शिकलेल्या माणसांत नीट दिसावीत, एवढंच डोक्यात. वैष्णवीची पाळी आली तेव्हा सुलक्षणाच मोठ्या अभिमानाने म्हणाली, "दाखव गं सायबांना, चाल!"

वैष्णवी दारापासून टेबलापर्यंत चालत गेली. डॉक्टर "शाब्बास" म्हणाले आणि त्यांनी कागदावर पस्तीस टक्के लिहिले.

बाहेर पायरीवर सगुणाबाईने कागद वाचून घेतला. "लई उपकार केलेस बाई," ती सुलक्षणाला म्हणाली. "बसून ऱ्हायली असती तर पेन्शन मिळाली असती. म्या मेल्यावर हिला कोन बघायचं?" त्यानंतर ती मंगळवारी आली नाही. सुलक्षणा दोनदा तिच्या घरी गेली, पण तिने दार उघडलं नाही.

माझा राग त्या डॉक्टरांवर आहे. सपाट फरशीवरची सात पावलं त्यांनी मोजली. घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंतची उतरण त्या पोरीला कशी उतरता येणार, हे एका शब्दाने विचारलं नाही.

यंदा पुन्हा शिबिर होतं. प्रेरणाच्या जुन्या दाखल्याची मुदत संपली होती. ती आता दहा वर्षांची, काठी घेऊन चांगली चालते. आदल्या मंगळवारी सुलक्षणाने व्यायाम घेतलाच नाही. पोरांना ओळीने बसवून सांगितलं, "डॉक्टर चाल म्हनले तरी उठायचं न्हाई." प्रेरणाची काठी तिने घरीच ठेवली. शिबिरात पोरगी मान खाली घालून बसून राहिली. तिला साठ टक्के मिळाले.

बाहेर आल्यावर सुलक्षणा म्हणाली, "ऊठ आता, एसटी आली."

प्रेरणा जागची हलली नाही. "आई, चालायचं का न्हाई? एकदा नीट सांग."

सुलक्षणा खाली वाकली आणि दहा वर्षांच्या लेकीला तिने पाठुंगळी घेतलं.