वळचणीचा कप

धनजच्या अंजनाबाईला अन्यायाची कधी वानवा पडली नाही. आंबेडकर जयंतीच्या भाषणांत ऐकलेला तो शब्द तिनं एकदा उचलला आणि मग उठता-बसता वापरला. कोंबडीनं शेजारच्या अंगणात अंडं घातलं, अन्याव. मालिकेतल्या सुनेला सासूनं बोल लावले, तोही अन्याव. नात धम्मदीपाला शाळेतून या शब्दाचा अर्थ लिहून आणायला सांगितला, तेव्हा आजीनं भराभर वीस वाक्यं दिली आणि अर्थ मात्र मास्तरांवर सोडला.

एकाच गोष्टीला तिनं तो शब्द कधी लावला नाही. नवी नवरी होती तेव्हापासून ती प्रयागबाईच्या शेतात राबली. प्रयागबाईनं तिच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले, दोघींनी एकमेकींची दुखणी काढली. पण अंजनाचा चहाचा कप वेगळा, कान तुटलेला, ओसरीच्या वळचणीला खोचलेला. प्यायचा, विसळायचा, परत खोचायचा. त्याला ती रीत म्हणायची. तो कप फुटून जमाना झाला. आता ती ओसरीवर सगळ्यांसोबत, सगळ्यांच्याच कपात चहा पिते. झालं गेलं, असं दोघींनी न बोलता धरून चाललं होतं.

परवा सोयाबीनची सोंगणी उरकली. प्रयागबाईच्या नव्या सुनेनं, निकितानं माहेरून आणलेल्या सहा कपांत चहा दिला. बायकांच्या गप्पा रंगल्या. भांडी उचलताना निकिता म्हणाली, "मावशी, पाचच कप हायेत. एक कुठी गेला?"

अंजना कानकोंडी झाली. बोलण्याच्या नादात तिचा हात जुन्या सवयीनं वळचणीकडे गेला होता. सांगावं तर प्रयागबाईची सुनेपुढं मान खाली जाणार, न सांगावं तर आपण चोर ठरणार.

प्रयागबाई गुडघे धरत उठली. न चाचपडता वळचणीत हात घालून तिनं कप काढला.

"इथं काहून ठेवला?" निकितानं विचारलं.

"हे जागा मीच दाखवली व्हती तिले." प्रयागबाई म्हणाली. "अन्याव होता वं तो, अंजने. मीच केलता. अन् मले तवाबी समजत होतं."

अंजनाला रडू कोसळलं. तिच्यासाठी तो शब्द आजवर कुणी उच्चारलाच नव्हता.

प्रयागबाईनं केटलीतला उरलेला चहा त्याच कपात ओतला आणि उभ्या उभ्या पिऊ लागली. अंजनानं पदरानं नाक पुसलं.

"समदा पेऊन घेता का, बाई? मले घोटभर तं ठेवा. हा कोन्ता न्याव?"

प्रयागबाईनं उष्टा कप तसाच तिच्या हातात दिला.